मापाचें माप कोण घेणार?

न्यायासनासमोर उभा राहणाऱ्या साक्षीदारास शपथ घ्यावी लागते. परंतु तराजू, फूटपट्टी, घड्याळ आणि पर्जन्यमापक यांस कोणी शपथ घालीत नाहीं. त्यांनीं सांगितलेला आकडा सर्वजण निमूटपणें मान्य करितात व त्यावर हजारों लोकांच्या पदरांत काय पडावयाचें तें ठरतें. आकडा खोटें बोलत नाहीं, असा एक भाबडा समज आमच्या सुशिक्षित वर्गांत फार दृढ आहे. आमचें म्हणणें असें कीं, आकडा आपण होऊन कांहींच बोलत नाहीं. ज्या रीतीनें तो घेतला ती रीत त्याच्या तोंडून बोलत असते. रीत शुद्ध असेल तर आकडा विश्वासार्ह. रीत सैल असेल तर तोच आकडा, छापील असो कीं यंत्रांतून आलेला असो, ऐकीव गप्पेहून फारसा श्रेष्ठ नव्हे. हा विषय शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेपुरता आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं आमच्याबरोबर घोडेगांवापर्यंत यावें अशी आमची विनंती आहे.

घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें ठाणें. तालुक्याला ज्या गांवाचें नांव मिळालें तें मूळ आंबेगांव डिंभे धरणाच्या जलाशयाखालीं गेलें. तहसील कचेरी व आदिवासी विकास प्रकल्पाचें कार्यालय घोडेगांवीं आहे. येथून पश्चिमेस जावें तों घोड नदीचें खोरें अरुंद होत जातें, भाताचीं खाचरें व हिरड्याचीं झाडें दिसूं लागतात, आणि शेवटीं आहुपे-भीमाशंकराच्या माथ्यावर सह्याद्रीचा कडा लागतो. पूर्वेस मंचरच्या अंगाला वळावें तों कांदा, बटाटा आणि ऊस यांचा मुलूख सुरू होतो. पश्चिमेच्या माथ्यावर वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. पूर्वेच्या टोकास एक हजार मिलिमीटरही पुरे होत नाहींत. एकाच तालुक्यांत, एकाच तहसीलदाराच्या हुकमतीखालीं, इतका फरक! अशा ठिकाणीं "आंबेगांव तालुक्यांत आज इतका पाऊस झाला" या वाक्यास अर्थ तरी किती उरतो, याचा विचार वाचकांनींच करावा.

हा केवळ कुतूहलाचा प्रश्न असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. आपल्या राज्यांत महसूल मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे त्या मंडळांत अतिवृष्टि झाली असें धरण्याचा प्रघात आहे. पंचनामा, ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान, मदतीची रक्कम, या पुढच्या साऱ्या पायऱ्या या आंकड्याच्या उंबरठ्यापाशीं सुरू होतात. आकडा ६६ आला तर दार उघडलें. ६४ आला तर खाचर वाहून गेलेल्या शेतकऱ्यास आपलें दुःख कागदावर सिद्ध करण्यासाठीं कचेरीचे खेटे घालावे लागतात. म्हणजे दोन मिलिमीटर पाण्यावर एका कुटुंबाचा खरीप तोलला जातो. तेव्हां तें पाणी मोजलें कसें, हें विचारण्याचा त्या कुटुंबास पूर्ण अधिकार आहे.

पाऊस मोजण्याची क्रिया दिसावयास किती सोपी! ठराविक तोंडाचें एक नरसाळें, खालीं एक बाटली आणि खुणा केलेली एक कांचेची नळी, एवढ्यावर काम भागतें. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं २०० चौरस सेंटीमीटर तोंडाचें पात्र वापरितात. त्यांत एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० घनसेंटीमीटर पाणी. १०० चौरस सेंटीमीटर तोंडाचेंही पात्र असतें. त्यांत तोच पाऊस १० घनसेंटीमीटर भरतो. आतां एका पात्राची नळी दुसऱ्या पात्रास लावली कीं पाऊस एकदम दुप्पट तरी होतो किंवा अर्धा तरी, आणि वहींतील अक्षर मात्र पूर्वीइतकेंच सुवाच्य राहतें. पात्राची कड जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच असावी, आणि जवळच्या झाडाची किंवा भिंतीची कडेवरील जेवढी उंची असेल तिच्या दुपटीहून तें पात्र दूर असावें, असा नियम आहे. कचेरीच्या गच्चीवर किंवा आंब्याच्या फांदीखालीं ठेविलेलें पात्र पाऊस मोजीत नसून गच्चीवरचा वारा आणि आंब्याचीं पानें मोजीत असतें.

२०१७ सालापासून राज्यांत महावेध प्रकल्पाखालीं महसूल मंडळांतून दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं, ही गोष्ट अभिनंदनीय आहे यांत शंका नाहीं. तलाठ्याच्या सवडीवर अवलंबून असलेली नोंद यंत्राच्या हातीं गेली, आणि दिवसाकाठीं एकदां मिळणारा आकडा थोड्याथोड्या वेळानें मिळूं लागला. परंतु यंत्र आलें म्हणजे चूक गेली असें मानणें हें अंधश्रद्धेचेंच एक नवें रूप होय. स्वयंचलित पर्जन्यमापकांत बहुधा दोन लहान वाट्यांची एक तराजूसारखी पाळी असते. एक वाटी भरली कीं ती उलटते, दुसरी नरसाळ्याखालीं येते, आणि प्रत्येक उलटण्याची गणती होते. झिमझिम पावसांत हें काम चोख चालतें. परंतु धो धो पाऊस कोसळूं लागला म्हणजे वाटी उलटण्याच्या क्षणार्धांतही धार चालूच असते. तें जास्तीचें पाणी भरलेल्या वाटींतच पडतें आणि गणतींत येत नाहीं. म्हणजे पाऊस जितका दांडगा तितकी नोंद तोकडी. त्यांत नरसाळ्यांत पालापाचोळा किंवा पांखराची शीट अडकली तर निराळेंच. शिवाय जोराचा वारा कांहीं थेंब तोंडावरून पलीकडे उडवून नेतो तो भाग वेगळा. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शनांत ही तूट सामान्यतः दोन ते दहा टक्के धरिली आहे.

येथें थोडें गणित करावें. खरा पाऊस ६८ मिलिमीटर झाला आणि यंत्रानें त्यांतील पांच टक्के गमावला, तर नोंद होईल ६४.६. अतिवृष्टि नाकारली गेली! कोणी लांच खाल्ली नाहीं, कोणी कागद बदलला नाहीं, कोणाच्या मनांत पाप नव्हतें. तरीही अन्याय झाला. शास्त्रांत चुकीचे दोन प्रकार सांगतात. एक चूक कधीं वर तर कधीं खालीं जाणारी. ती पुष्कळ वेळां मोजून सरासरी काढली असतां बरीचशी निवते. दुसरी चूक नेहमीं एकाच बाजूस झुकणारी. ती हजार वेळां मोजलें तरी जागची हलत नाहीं, उलट हजार वेळां तोच आकडा आल्यामुळें लोकांचा तीवर विश्वास मात्र वाढतो. वरील तूट या दुसऱ्या जातीची आहे, आणि ती नेहमीं ज्याचें शेत बुडालें त्याच्या विरुद्ध जाते, हें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मोजण्याची वेळ हाही एक कायदाच आहे. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळीं साडेआठ वाजतां संपतो व सुरू होतो. समजा, पहांटे सहापासून अकरापर्यंत मुसळधार पाऊस पडला. ४० मिलिमीटर साडेआठच्या अगोदर आणि ४० नंतर. पांच तासांत ८० मिलिमीटर पडले, परंतु वहींत दोन दिवशीं चाळीस-चाळीस लिहिले गेले, आणि दोन्ही दिवस अतिवृष्टीच्या बाहेर राहिले. जुन्या वहीला तास ठाऊक नव्हते, म्हणून तिला क्षमा करतां येईल. पण नवीन यंत्र तासाचाच काय, मिनिटांचाही हिशेब ठेवूं शकत असतां, लगतचे कोणतेही चोवीस तास धरून बेरीज कां करूं नये?

या प्रश्नाची दुसरी बाजू पैशाहून फार गंभीर आहे. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं याच तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा कडा कोसळला व १५१ माणसें गाडलीं गेलीं. एस. टी. च्या एका चालकास नेहमींचें गांव जागेवर दिसेना, तेव्हां ती वार्ता जगास कळली. त्या कड्याच्या कोसळण्यास उताराची रचना, मातीचा थर, जमिनीची केलेली उलथापालथ अशीं अनेक कारणें चर्चिलीं गेलीं. पण पाण्यानें माती जड व सैल झाली हें त्यांत मुख्य. दरडीच्या दृष्टीनें दिवसाची बेरीज अपुरी आहे. मागील आठवड्यांत माती किती भिजली होती आणि शेवटच्या तीन तासांत पाणी किती जोरानें पडलें, हें ठाऊक पाहिजे. आणि तें त्याच डोंगराच्या कुशींत ठाऊक पाहिजे. काहीं कोसांवरच्या सखल गांवांतील पात्र कितीही निर्दोष असलें तरी या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नसतें. मापनाचा पहिला नियम हाच कीं, आधीं प्रश्न ठरवावा, मग माप ठरवावें. आम्ही बहुधा हाताशीं असलेलें माप घेतों आणि त्यास जुळेल तो प्रश्न विचारितों.

पूर्वजांच्या बढाया मारण्याची आम्हांस हौस नाहीं; परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारापाशीं हातभर रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा असें सांगितलें आहे, आणि अश्मक, अवंती व अपरांत यांचें पाऊसमान निरनिराळें दिलें आहे. कोंकणपट्टीचा म्हणजे अपरांताचा पाऊस तर अमितच म्हटला आहे. पात्राचें तोंड नियत असावें आणि एका प्रांताचें माप दुसऱ्यास लावूं नये, हे दोन धडे त्यांत स्पष्ट आहेत. अभिमान बाळगावयाचा तर ते आचरून बाळगावा.

आणि आधुनिक धडा हवा असल्यास तोही फार दूर नाहीं. शेजारच्या जुन्नर तालुक्यांत खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभी राहिलेली विशाल रेडिओ-दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत, आणि अब्जावधि वर्षांपूर्वीं निघालेल्या रेडिओ-लहरी त्या टिपतात. इतकें सूक्ष्म यंत्र! पण तेथील शास्त्रज्ञ त्याच्यावर अंधळा विश्वास ठेवीत नाहींत. अभ्यासाच्या तारकासमूहावरून थाळ्या मधून मधून वळवून ज्यांची तीव्रता पूर्वीं पक्की ठरली आहे अशा ज्ञात स्रोतांकडे नेतात. यंत्र तेथें बरोबर उत्तर देतें कीं नाहीं हें पाहतात, आणि मग अज्ञाताविषयींचें त्याचें म्हणणें मान्य करितात. आकाशगंगेपलीकडील लहरींसाठीं जी दक्षता घेतली जाते, ती दहा कोसांवरच्या शेतकऱ्याच्या पावसासाठीं घेऊं नये काय?

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण भातपिकाच्या या मुलुखास शिकवावयास नको. परंतु शीत कोठलें उचलावें, याचें शास्त्र आहे. २०० चौरस सेंटीमीटरांचें पात्र १०० चौरस किलोमीटरांच्या मंडळाच्या वतीनें बोलतें, तेव्हां भांडें शितापेक्षां ५०० कोटी पटींनीं मोठें असतें! हाच प्रश्न पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज करतांना येतो. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं, शेताचा फार लहान तुकडा कापून त्यावरून उत्पन्न काढलें तर तें खऱ्याहून अधिक येतें. कारण सोपें आहे. कापणी करणाऱ्याचा हात हद्दीवरचें रोप बाहेर टाकण्यापेक्षां आंत ओढण्याकडे वळतो; आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानानें हद्द अधिक. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळास क्षेत्राच्या मानानें जेवढी हद्द असते, ती दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकड्याच्या सुमारें साडेपांच पट असते. लहान तुकड्यांचा पुरस्कार करणारे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशीं त्यांचा या बाबतींत मोठा वाद झाला. परंतु महालनोबीस यांनींही एक अमोल युक्ति दिली. एकाच मुलुखाचे दोन स्वतंत्र नमुने दोन निरनिराळ्या तुकड्यांनीं मोजावयाचे व दोन्ही उत्तरें ताडून पाहावयाचीं. दोघांत अंतर पडलें कीं चूक आपण होऊन उघडी पडते. वाद करणारे दोघेही थोर, आणि दोघांच्याही शिकवणीचें सार एकच: मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबूं नका, रीतच अशी बांधा कीं चुकीला लपावयास जागा राहूं नये.

जुन्या काळीं पायलीनें धान्य मोजीत. पायली तीच, पण शीग लावून भरली तर एक माप, काठाशीं सपाट केली तर दुसरें. घेतांना शिगेची आणि देतांना सपाट, अशी सावकारी कोणाच्या ऐकिवांत नाहीं? भांड्यावर शिक्का मारून हा अन्याय थांबत नाहीं. भरण्याची रीतही ठरवावी लागते. आज तराजूच्या काट्याची सरकारी पडताळणी होते, इलेक्ट्रॉनिक काट्याची तर दरवर्षीं व्हावयास हवी. परंतु दुधाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाहीं, ३.५ फॅट व ८.५ एस.एन.एफ. हा पाया धरून ठरतो. तेव्हां दुधांतील स्निग्धांश सांगणारें यंत्र हेंही मापच आहे. काट्याला जी तपासणी आहे तीच, तितकीच नियमित व तितकीच त्रयस्थ, या यंत्राला असावी. नाहींतर दुधाचें दूध आणि पाण्याचें पाणी करण्याची गोष्ट बोलण्यापुरतीच राहील.

कारखान्यांतून ही शिस्त लोकांनीं धंद्याच्या गरजेनें शिकली आहे. या भागांतील पुष्कळ तरुण चाकणच्या कारखान्यांत कामास जातात. तेथें त्यांस सांगावें लागत नाहीं कीं, लांबीचें माप २० अंश सेंटिग्रेड उष्णतेस धरावयाचें असतें. १०० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा ३५ अंशांवर सुमारें १७ मायक्रॉननीं वाढतो, आणि जेथें पांच मायक्रॉनचा फरक माल नापास करितो तेथें उष्णता न नोंदतां घेतलेलें माप निरर्थक होय. अमेरिकेंत १९२४ सालीं वॉल्टर शूहार्ट यांनीं नियंत्रण-आलेख काढून दाखविला, तेव्हांपासून कारखानदारांस हेंही ठाऊक आहे कीं प्रत्येक मापांत कांहीं चढउतार असावयाचाच. शहाणपण तो किती हें आधीं जाणण्यांत आहे. यंत्राच्या सुट्या भागासाठीं जें शहाणपण आम्ही वापरितों, तें माणसाच्या पोटापाण्याच्या प्रश्नांत वापरावयाचें आम्हांस सुचत नाहीं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला खर्चाचा. त्यास उत्तर असें कीं, आम्ही सुचवितों त्यांतील पुष्कळ गोष्टींस बादलीभर पाणी आणि चार माणसांची सकाळ एवढाच खर्च आहे. दुसरा आक्षेप असा कीं, खेड्यांतील लोकांस हें शास्त्र समजणार नाहीं. ज्यांच्या वाडवडिलांनीं मृगापासून हस्तापर्यंतच्या प्रत्येक नक्षत्राचा पाऊस जमिनींतल्या ओलीवरून ओळखला, त्यांस नरसाळें आणि नळी समजणार नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं आपली समजूत तपासून घ्यावी. लोकांस समजूं नये अशीच ज्याची इच्छा असते, तोच बहुधा हा आक्षेप प्रथम घेतो.

आमच्या सूचना थोडक्यांत अशा. दरवर्षीं मृगापूर्वीं प्रत्येक मंडळाच्या पर्जन्यमापकाची परीक्षा ग्रामस्थांसमक्ष व्हावी. २०० चौरस सेंटीमीटर तोंडाच्या यंत्रांत १३०० घनसेंटीमीटर पाणी ओतलें तर त्यानें ६५ मिलिमीटर दाखविलें पाहिजेत. तें एकदां सावकाश आणि एकदां जोरानें ओतून पाहावें, म्हणजे मुसळधारेंतील तूटही कळेल. आलेली तूट फलकावर लिहावी. स्वयंचलित यंत्राशेजारीं एक साधें पात्र असावें, आणि त्याची नोंद शाळेनें किंवा ग्रामपंचायतीनें स्वतंत्रपणें ठेवावी. दोहोंत अंतर पडल्यास कारण शोधण्याची जबाबदारी नेमून द्यावी. केंद्राची जागा, भोंवतालची झाडें व इमारती यांची माहिती सर्वांस पाहतां यावी. यंत्र बंद पडलेला दिवस कोरडा दिवस म्हणून लिहिला जाऊं नये. "नोंद नाहीं" आणि "पाऊस नाहीं" यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. केंद्रांची संख्या सर्वत्र सारखी न ठेवितां डोंगराळ पश्चिम पट्ट्यांत ती अधिक दाट असावी. ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत केंद्रें नेण्याचा विचार पुढें आला आहे, त्याचें आम्ही स्वागत करितों. मात्र शंभर न तपासलेल्या यंत्रांपेक्षां दहा तपासलेलीं बरीं, हें विसरूं नये. आणि शेवटची, परंतु सर्वांत महत्त्वाची: ज्या यंत्राची चूक पांच टक्के असूं शकते, त्याच्या आधारें ६४ आणि ६६ यांत न्याय-अन्यायाची भिंत उभारूं नये. उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे कांहीं मिलिमीटरांचा संशयाचा पट्टा धरावा, त्या पट्ट्यांत शेजारच्या केंद्रांची नोंद व प्रत्यक्ष पाहणी यांवरून निर्णय द्यावा, आणि संशयाचा फायदा शेतकऱ्यास मिळावा. फौजदारी न्यायांत आरोपीस जो फायदा आपण देतों, तो पीक गमावलेल्या निरपराध माणसास नाकारण्याचें कारण काय?

राज्यकर्त्यांस आमचें सांगणें असें कीं, तपासणीस उघडें असलेलें माप त्यांच्या अधिकाराची प्रतिष्ठा वाढवील, कमी करणार नाहीं. लोकांस आमचें सांगणें त्याहून निकडीचें आहे. नुकसानभरपाई किती मिळाली, हें विचारण्याआधीं आकडा कसा घेतला, हें विचारावयास शिका. हा प्रश्न नम्रपणें पण दरवर्षीं, पावसाळ्याच्या आधीं, ग्रामसभेंत उभें राहून विचारला गेला पाहिजे. येत्या मृगापूर्वीं घोडेगांवकरांनीं आपल्या मंडळाच्या यंत्रापाशीं जमून मोजून पाणी ओतावें आणि तें काय सांगतें तें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. मग पाऊस पडेल तो देवाच्या इच्छेनें पडेल, पण त्याची नोंद तरी माणसाच्या निष्काळजीपणानें उणी पडणार नाहीं.